नाही म्हणायला २५३ बाइट

“काय दळून राहिला रे एवढं?” आई दारातूनच विचारत होती. हातात सूप, डोक्यावर पदर, आणि बाहेर मे महिन्यातलं आमच्या दारव्ह्याकडचं ऊन, म्हणजे पारा ४५ च्या वरच समजा. तिचं काही चुकलं नव्हतं. स्क्रीनवर मेक, म्हणजे सोर्स कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणारी आज्ञा, चालू होतं, पांढऱ्या ओळी पिठासारख्या सरसर खाली पडत होत्या आणि जुन्या कॉम्प्युटरचा पंखा चक्कीसारखा घरघरत होता. मी म्हटलं, अभ्यासिकेच्या वायफायचं काम आहे. “मंग इकत नाही भेटत का?” भेटतं की. फुकट भेटतं, तयारही भेटतं. पण मी ते सोर्सपासून का बनवून राहिलो हे तिला सांगायला बसलो असतो तर सुपातल्या तुरीची डाळ झाली असती.

झालं असं की आमच्या गावात जुन्या समाजमंदिराच्या खोलीत एक अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, बँका, एमपीएससी, जे जे म्हणून फॉर्म निघतात ते सगळे भरणारी साठेक पोरं-पोरी तिथं बसतात. एक निवृत्त गुरुजी ती सांभाळतात, सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो, चौथीत त्यांच्याच हातचा मार खाल्लाय तरी. महिन्याला थोडी वर्गणी घेतात, त्यात लाइटबिल आणि इंटरनेट निघतं. वायफायचा पासवर्ड एकच होता आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेला असायचा. आता फळ्यावर लिहिलेली गोष्ट गावात कुठवर जाते हे काय सांगायचं. आठ दिवसांत तो पासवर्ड किराणा दुकानात, मग सलूनमध्ये, मग लग्नाच्या मांडवात पोचला. संध्याकाळी शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांजवळच्या पुलियावर दहा-बारा पोट्टे ओळीनं बसलेले, सगळ्यांच्या तोंडावर मोबाइलचा उजेड, आणि इकडं अभ्यासिकेत टेस्ट सिरीजचं पान गोल गोल फिरतंय. काकांनी तीनदा पासवर्ड बदलला. तिन्ही वेळा तो पुलियावर आधी पोचला, अभ्यासिकेत नंतर.

“तू कॉम्प्युटरचं शिकला ना बाबू, मंग कर काहीतरी,” काका म्हणाले. झालं.

काहीतरी म्हणजे काय, तर प्रत्येकाला आपलं नाव आणि आपला पासवर्ड. राउटरला ही नावं पाठ ठेवायला लावायची नाहीत, त्यानं दुसऱ्याला विचारायचं. याला रेडियस म्हणतात. मी काकांना समजावलं ते आमच्या फाट्यावरच्या पानठेल्यावरून. एसटीतून अनोळखी माणूस उतरतो, अमक्याच्या घरी जायचंय म्हणतो. ठेलेवाला त्याला ओळखत नाही, तो पारावर बसलेल्या म्हाताऱ्याकडं निरोप धाडतो, बाप्पा, असा असा माणूस आला, अमक्याचा साळा सांगून राहिला, सोडू का? म्हातारा दोनच गोष्टी विचारतो, कोणाचा होय आणि खूण काय सांगते. मग म्हणतो येऊ दे, किंवा म्हणतो वापस पाठव. ठेलेवाला म्हणजे राउटर, पारावरचा म्हातारा म्हणजे रेडियस सर्व्हर. आणि निरोप खरंच आपल्याच ठेलेवाल्याचा आहे हे कळावं म्हणून दोघांत एक गुपित शब्द ठरलेला असतो. काकांना हे लगेच पटलं. म्हणाले, म्हणजे म्हातारं माणूस कामाचं आहे तर.

म्हातारं तर खरंच आहे. लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस नावाच्या अमेरिकेतल्या कंपनीनं १९९१ मध्ये हे काढलं, तेव्हा लोक फोनच्या तारेवर मोडेम लावून आत यायचे, म्हणून त्याच्या पूर्ण नावात अजूनही डायल इन आहे. त्याचा आज चालतो तो लिखित नियम, आरएफसी २८६५, जून २००० चा. आणि मी जे दळत होतो ते फ्रीरेडियस, १९९९ मध्ये ॲलन डेकॉक आणि मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी सुरू केलेलं, सोर्स सगळ्यांना मोकळा. जगभरच्या युनिव्हर्सिट्यांमध्ये एकाच लॉगिननं कुठंही वायफाय मिळतं ती एज्युरोमची व्यवस्था रेडियसवरच उभी आहे. आमची अभ्यासिका त्याच रांगेत शेवटी, चपला काढायच्या जागी, पण रांगेत.

आता सोर्सपासून का. मशीन होतं जुनं, ३२ बिटचं, त्यावरच्या लिनक्सच्या भांडारात जे तयार पाकीट होतं ते जुन्या आवृत्तीचं. एरवी मी जुनंच घेऊन गप बसलो असतो, मला काही सगळं हातानं करायची हौस नाही, घरचं बियाणं घरचं बियाणं म्हणत मिरवणाऱ्यातला मी नाही. पण जुलै २०२४ मध्ये ब्लास्टरेडियस नावाचा दोष उजेडात आला होता आणि तो वाचून माझी झोप उडाली होती. सर्व्हरचं उत्तर खरं आहे याचा पुरावा म्हणून रेडियस एमडी५ नावाची मजकुरावर शिक्का काढायची पद्धत वापरतं, आणि एमडी५ मध्ये दोन वेगळ्या मजकुरांचा शिक्का एकच आणता येतो हे २००४ पासून जगाला माहीत आहे. संशोधकांनी दाखवलं की राउटर आणि सर्व्हरच्या मधात बसलेला माणूस सर्व्हरनं दिलेला नकार वाटेत होकार करू शकतो, गुपित शब्द माहीत नसताना. म्हणजे पारावरून म्हातारा ओरडला “वापस पाठव” आणि ठेल्यावर ऐकू आलं “येऊ दे”. फ्रीरेडियसच्या ३.२.५ मध्ये त्याचा बंदोबस्त आला, प्रत्येक निरोपावर मेसेज ऑथेंटिकेटर नावाचा वेगळा शिक्का बघायची सक्ती करता येते. आमच्या गावात कोण बसणार आहे तारेच्या मधात, हे मलाही कळतं. पण नकाराचा होकार होतो म्हटल्यावर जुनं पाकीट लावायला हात धजेना.

तर आधी कॉन्फिगर. म्हणजे मशीनमध्ये काय आहे काय नाही याची झडती. पहिल्याच फटक्यात ते थांबलं, टॅलॉक पाहिजे म्हणालं. टॅलॉक ही सांबावाल्या प्रोजेक्टमधली मेमरी सांभाळणारी लायब्ररी, ती नसेल तर फ्रीरेडियस पुढं पाऊल टाकत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवली, हेडर फायलींसकट, म्हणजे बनवताना दुसऱ्या प्रोग्रॅमला लागणारी तिची ओळख, मग ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीच्या हेडर फायली, मग परत कॉन्फिगर. या वेळी ते शेवटपर्यंत गेलं आणि मी खुश. चहा मांडला. चहा घेता घेता सहज वर स्क्रोल केलं तर शेकडो ओळींच्या मधात एक ओळ दिसली, इंग्रजीत, “सायलेंटली नॉट बिल्डिंग” अमुक मॉड्यूल, आणि खाली कारण, मायएसक्यूएलची हेडर फाइल सापडली नाही. गुपचूप वगळतोय, असं ते ओरडून सांगत होतं. मला हसू आलं. गुपचूप करायचं तर सांगायचं काहून, आणि सांगायचं तर गुपचूप कसं? अशा आणखी दहा-पंधरा ओळी निघाल्या. प्रत्येक ठिकाणी काय सोडलं आणि कशापायी सोडलं हे लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं, शेवटी एरर नाही ना एवढं बघून चहा टाकायला उठलो होतो.

मायएसक्यूएल मग मीच नको म्हटलं. साठ पोट्ट्यांच्या नावांसाठी डेटाबेस म्हणजे पावशेर तुरीसाठी थ्रेशर बोलावणं. साधी टेक्स्टची यूजर्स फाइल पुरते, एका ओळीत नाव आणि पासवर्ड, खालच्या ओळीत टॅब देऊन उत्तरात काय धाडायचं ते.

मेक लावलं आणि आई येऊन गेली ती हीच वेळ. ती गेल्यावर पाचव्या मिनिटाला लाइन गेली.

लाइन जाणं यात आम्हाला नवल नाही, इन्व्हर्टरवर पंखा ठेवायचा का कॉम्प्युटर एवढाच प्रश्न असतो आणि त्या दुपारी घरातल्या मतदानात पंखा निवडून आला होता. दीड तासानं लाइन आली. मला वाटलं मेक हुशार असतं, तारखा बघतं, सोर्सपेक्षा तयार फाइल नवी असली की ते काम झालं समजतं, राहिलेलं तेवढं करतं. परत मेक मारलं तर धडाधड वॉर्निंगा, म्हणे या फायली भविष्यातल्या आहेत, पन्नास कोटींच्या आसपास सेकंद पुढच्या, घड्याळात गडबड आहे, बिल्ड अर्धवट राहू शकते. मी चक्रावलो. मग तारीख बघितली, मशीनच्या लेखी १ जानेवारी २००९ उजाडला होता. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, वीज गेली की त्याला काळ आठवत नाही. बसस्टँडवरच्या घड्याळवाल्याकडून २०३२ नंबरचा सेल आणला, २००९ मध्ये अडकलेल्या मशीनला २०३२ घातला, हा विनोद मी घड्याळवाल्याला सांगितला पण त्याला ऊन लागलं होतं बहुतेक.

तारीख सुधारली तरी गाडी शेवटी जोडणीच्या वेळी अडली. एक ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे मधल्या टप्प्यातलं दळण, ओळखू येत नाही, कापलेली आहे, असा तक्रारीचा सूर. उघडून बघितली, शून्य बाइट. लाइन गेली त्या क्षणी नेमकी ती फाइल लिहिली जात होती. नाव पडलं होतं, तारीख पडली होती, आत काही नव्हतं. आणि मेकनं तारीख बघून काम झालं असं धरलं. रजिस्टरवर सही आहे म्हणजे माणूस हजर, असला हिशोब. मेक क्लीन केलं, सगळं पुसलं, परत पहिल्यापासून दळायला घेतलं, या वेळी पंखा बंद करून, बनियन पिळून काढत.

मेक इन्स्टॉल झालं, आपलीच लायब्ररी त्याला सापडेना म्हणून एलडीकॉन्फिग मारलं, आणि मग रेडियसडी मायनस एक्स. हे एक्स म्हणजे या सॉफ्टवेअरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. असं चालवलं की सर्व्हर मनातलं सगळं बोलून दाखवतो, कुठली फाइल वाचली, कोण आलं, काय मागितलं, कुठल्या नियमापाशी काय ठरवलं, का ठरवलं. भजनाला बसलेल्या म्हाताऱ्यासारखा एकसुरी बोलत राहतो, आणि शेवटी “रेडी टू प्रोसेस रिक्वेस्ट्स” म्हणून थांबतो. ती ओळ आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत मशीन ठेवलं, राउटर जोडला, पहिल्या पोराला लॉगिन करायला लावलं. काहीच नाही. होय नाही, नाही नाही. मोबाइलवर नुसतं चक्र. राउटर सेकंदहँड होता, तो १६४५ नंबरच्या पोर्टवर हाका मारत होता. रेडियसची सुरुवात त्याच पोर्टवर झाली होती, पण तो नंबर आधीच दुसऱ्या सेवेच्या नावावर निघाला म्हणून नंतर १८१२ ठरला. म्हणजे राउटर जुन्या घराचं दार वाजवत होता आणि म्हातारा नव्या घरात. ते नीट केलं तर आता एक्सच्या खिडकीत ओळ आली, अनोळखी क्लायंटकडून आलेली विनंती दुर्लक्षित करतोय. क्लायंटच्या फाइलीत मी राउटरचा पत्ता एका आकड्यानं चुकवला होता. आणि नियमच आहे, अनोळखी ठेलेवाल्याला नाहीसुद्धा म्हणायचं नाही, गप बसायचं, कारण उत्तर दिलं तर तिथं कोणी राहतं एवढं तरी त्याला कळेल. बरोबरच आहे ते. पण चक्राकडं बघत बसलेल्या पोराला त्यातलं काय कळणार, तो आपला तीनदा पासवर्ड टाकतो, मोबाइल बंद-चालू करतो, आणि शेवटी स्वतःलाच म्हणतो की आपल्यालेच जमत नाही.

पत्ता सुधारल्यावर पहिला ॲक्सेप्ट आला. काकांनी टाळी वाजवली, खरंच वाजवली. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून रिजेक्ट बघितला. रेडियसच्या निरोपाचा पहिला बाइट म्हणजे निकाल, २ म्हणजे ये, ३ म्हणजे जा. पुढं आणखी १९ बाइट, ओळख, लांबी, शिक्का, त्यावर मेसेज ऑथेंटिकेटरचे १८, आणि संपलं. अडतीस बाइटचा नकार. माझ्या खिडकीत त्याचं कारण लिहून आलं होतं, पोराच्या मोबाइलवर मात्र लाल अक्षरात एवढंच, लॉगिन फेल.

ते लाल अक्षर बघून मला दुसरंच लाल आठवलं. त्याच्या आदल्या महिन्यात आईला घेऊन रेशनला गेलो होतो. अंगठा लावायचं मशीन. तिनं उजवा अंगठा ठेवला, लाल. पदरानं पुसून ठेवला, लाल. दुकानदार म्हणाला हात धुऊन या मावशी, ती हापशीवर जाऊन हात धुऊन आली, लाल. डावा अंगठा, मग एकेक बोट. माझ्या आईच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, चाळीस वर्षं कापूस वेचून वेचून. बोंड उकललं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, कापूस ओढताना नखाच्या मुळाशी आणि पेरावर ओरखडे पडतात, ते भरतात, परत पडतात, मार्गशीर्षापर्यंत बोटं खरखरीत होऊन जातात. हे दुकानदाराला माहीत होतं, रांगेतल्या सगळ्या बायांना माहीत होतं, मशीनला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे सांगायची त्याला सोयही नव्हती. रांगेतून बाजूला होताना आई मला हळूच म्हणाली, “माहं काही चुकलं का रे?” धान्य तीन दिवसांनी मिळालं, त्याचं मला काही नाही. तो प्रश्न मात्र गेला नाही.

म्हणून त्या दिवशी अभ्यासिकेत मी काकांना म्हटलं, नाही म्हणायचं तर कारण लिहूनच म्हणू. सोय आहे. रेडियसमध्ये १८ नंबरचा गुणधर्म आहे, रिप्लाय मेसेज, नकारासोबत माणसाला वाचता येईल असा मजकूर त्यातून धाडता येतो, आणि राउटरचं लॉगिन पान तो दाखवतं. फ्रीरेडियसच्या नमुन्याच्या फाइलीतच एक ओळ आहे, अमक्याला रिजेक्ट करा आणि सांगा की तुमचं खातं बंद केलंय. फक्त ती इंग्रजीत आणि जरा ठाणेदारी थाटाची. आम्ही मराठीत लिहायचं ठरवलं. ज्यांची वर्गणी राहिली त्यांच्यासाठी मी टाइप केलं, तुमची वर्गणी ३० तारखेपर्यंतच होती. काकांना भेटा. तोवर पुस्तकं वाचायला बसा, त्याला पासवर्ड लागत नाही.

चाचणी घेतली. पोराच्या मोबाइलवर मजकूर आला, छान आला, पण शेवट असा, “त्याला पासवर्ड लागत” आणि पुढं एक फुटका चौकोन. नाही गायब. म्हणजे पुस्तकं वाचायलाही पासवर्ड लागतो, असं आमचं सर्व्हर अधिकृतपणे कळवत होतं. नकाराचा होकार होऊ नये म्हणून मी सोर्सपासून दळत बसलो, आणि इथं माझ्याच वाक्यातलं नाही गळून पडलं.

हिशोब असा की एका गुणधर्माला जास्तीत जास्त २५५ बाइट, त्यातला एक नंबरचा, एक लांबीचा, उरले २५३. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, आपलं अक्षर तीन बाइट खातं, आणि अक्षर म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मोडलेला पाय, सगळे वेगवेगळे तीन तीन. म्हणजे फार तर ८४ चिन्हं. माझा मजकूर २६४ बाइट भरला, ११ जास्त. फ्रीरेडियसनं २५३ वर कात्री मारली ती बरोबर न च्या पोटातून गेली, त्याचे दोन बाइट राहिले, एक गेला, म्हणून तो फुटका चौकोन.

काका आणि मी मग वहीवर मोजायला बसलो. तोवर काढलं, २५१ झाले, बसलं. मी टाइप करणार तर काका म्हणाले, “कृपया लाव बाप्पा, पैशाची गोठ आहे, पोट्ट्याइले वाईट वाटते.” कृपया म्हणजे १५, त्याच्या मागची जागा १, झाले २६७. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. तारखेपर्यंतच होती हे लांबट आहे, तारखेला संपली कर म्हणाले, चौथीच्या वर्गात निबंध कापायचे तसेच कापून राहिले होते. बारा वाचले, २५५. दोन जास्त. दोघंही बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिलो. शब्द एकही काढवेना. शेवटी मी मधला स्वल्पविराम काढला आणि शेवटचं टिंब काढलं, ते बिचारे एकेकच बाइटचे. २५३. एक कमी ना एक जास्त.

महिनाअखेरीला तो निरोप पहिल्यांदा एका पोरीच्या मोबाइलवर गेला. तिनं वाचला, मोबाइल पालथा ठेवला, कपाटातून भूगोलाचं पुस्तक काढून बसली, आणि जाताना काकांना म्हणाली, सोमवारी देते. पुलियावरचे पोट्टे अजून बसतात, आता उजेड कमी असतो, गप्पा जास्त.

काकांनी तोच मजकूर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फळ्याच्या कोपऱ्यात, जिथं आधी पासवर्ड असायचा तिथं चिकटवला. त्यात मात्र स्वल्पविराम आणि शेवटचं टिंब दोन्ही दिलंय, लाल पेनानं.